न मिटलेले प्रकरण : आनंद पटवर्धन आणि ‘जय भीम कॉम्रेड’ची चौदा वर्षे

घाटकोपर पूर्वेला, पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून असलेल्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७च्या सकाळी लोक उठले, तेव्हा वस्तीतील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला होता. लोक महामार्गावर उतरले, रहदारी अडली, राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि गोळीबार झाला. दहा जण ठार झाले, वीसहून अधिक जखमी झाले. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडमधील आपल्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. डाव्या चळवळीच्या कलापथकात त्यांनी वर्षानुवर्षे लाल झेंड्याची गाणी म्हटली होती. मरताना मात्र त्यांच्या डोक्याला निळे कापड बांधलेले होते, आणि भिंतीवर रमाबाई नगरच्या शहिदांना वंदन करणारा व आंबेडकरी ऐक्याचा जयजयकार करणारा मजकूर त्यांनी लिहून ठेवला होता.

या शाहिराला माहितीपटकार आनंद पटवर्धन ओळखत होते. मुंबईतील झोपडपट्ट्यांवर त्यांनी १९८५ साली केलेल्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात घोगरे गायले होते. मृत्यूची बातमी आल्यावर पटवर्धन यांनी कॅमेरा हाती घेतला तो, लाल गाणी गाणाऱ्या माणसाने शेवटी निळे कापड का बांधले, एवढे एक कोडे उलगडण्यासाठी. त्या कोड्यातून ‘जय भीम कॉम्रेड’ तयार झाला आणि त्याला चौदा वर्षे लागली. एका माहितीपटाला चौदा वर्षे का लागतात, त्या काळात तो करणाऱ्याचे नेमके काय चाललेले असते आणि हा वेळ त्याला कोठून परवडतो, हे या प्रकरणाच्या आधारे पाहता येते. माहितीपटकाराची कारकीर्द आपल्याकडे पुरस्कारांच्या किंवा न्यायालयीन लढ्यांच्या यादीतून सांगण्याची पद्धत आहे; पटवर्धन यांच्याबाबतीत तर दोन्ही याद्या लांबलचक आहेत. माझ्या मते त्यांच्या कामाचा गाभा मात्र या एका दीर्घ, रेंगाळलेल्या, अनेकदा अडलेल्या चित्रीकरणात अधिक स्वच्छ दिसतो.

घरातून आलेले आणि बाहेर मिळालेले

पटवर्धन यांचा जन्म १९५० सालचा, मुंबईचा. अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन हे नगरचे दोन स्वातंत्र्यसैनिक बंधू त्यांचे काका. बेचाळीसच्या भूमिगत लढ्यातील अच्युतरावांचे नाव सातारा-सांगलीकडच्या जुन्या पिढीला वेगळे सांगावे लागत नाही. आई निर्मला पटवर्धन या मृत्पात्रकार होत्या. शांतिनिकेतनात त्यांचे शिक्षण झाले होते आणि मातीकामाच्या तंत्रावर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्या क्षेत्रात आजही वापरले जाते. सत्तेविषयीचा संशय काकांकडून आणि हाताने काम करण्याची चिकाटी आईकडून आली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु माणसे इतक्या सरळ हिशेबाने घडत नाहीत, म्हणून तो मोह येथेच आवरतो.

मुंबईत इंग्रजी साहित्याची पदवी घेतल्यावर ते अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला गेले. तेव्हा तेथे व्हिएतनाम युद्धाविरोधातील विद्यार्थी आंदोलन ऐन भरात होते आणि त्यात ते उतरले. पुढे कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या संघटनेत त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केले, आणि १९७२मध्ये भारतात परतल्यावर मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ या ग्रामीण प्रकल्पात ते राहिले. चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेत ते कधी गेले नाहीत, ही बाब त्यांच्या कामाची पद्धत समजून घेताना उपयोगी पडते. त्यांच्या आयुष्यात आधी चळवळ आली, मग कॅमेरा आला. बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांचे आंदोलन पेटले तेव्हा ते तेथे पोहोचले ते सुपर-८ कॅमेरा घेऊन, जो त्या काळी घरगुती समारंभांच्या चित्रणासाठी वापरत. ते चित्रण पडद्यावर टाकून पुन्हा १६ मि.मी.च्या कॅमेऱ्याने टिपायचे, असा खटाटोप करून ‘क्रांति की तरंगें’ उभा राहिला. आणीबाणी लागू झाल्यावर त्याची प्रत तुकड्या-तुकड्यांनी देशाबाहेर गेली आणि तेथे पुन्हा जोडली गेली. पटवर्धन स्वतः माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकायला गेले. कॅनडातील भारतीय वंशाच्या शेतमजुरांवर १९८१ साली त्यांनी जिम मन्रो यांच्यासह केलेला माहितीपट या प्रवासाचेच फळ.

‘हमारा शहर’मधील एक बाई

मुंबईत परतल्यावर जे शहर त्यांच्यासमोर होते, ते झोपड्या पाडणारे शहर होते. पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी जुलै १९८१मध्ये केली होती. तिच्याविरोधात न्यायालयात गेलेले प्रकरण ‘ओल्गा टेलिस’ या नावाने कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. जानेवारी १९८२पासून गिरणी कामगारांचा संप चालू होता. ‘हमारा शहर’ची पार्श्वभूमी ही आहे. एकीकडे पाडकामाची पथके, दुसरीकडे शहराच्या सौंदर्याविषयी व शिस्तीविषयी बोलणारे सुखवस्तू नागरिक आणि अधिकारी, आणि या दोहोंमध्ये झोपडीत बसून गाणारे विलास घोगरे.

त्या माहितीपटात एक लहानसा प्रसंग आहे, ज्याकडे मी या संपूर्ण प्रकरणाचा आरंभबिंदू म्हणून पाहतो. घर पाडले गेलेली एक बाई कॅमेऱ्याकडे वळते आणि चित्रीकरण करणाऱ्यांनाच धारेवर धरते. तुम्ही येता, गरिबांची चित्रे घेता, त्यातून आमचे काय होणार आहे, तुम्ही आमच्यासाठी काही करू शकणार आहात का, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. तिचा राग कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात आहे आणि कॅमेरा मागे सरत नाही. असा भाग संकलनात काढून टाकणे कोणत्याही दिग्दर्शकाला सहज जमले असते. प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागला नसता. पटवर्धन यांनी तो ठेवला. आता, असा प्रसंग ठेवणे हीसुद्धा एक युक्ती असू शकते, कारण स्वतःवरची टीका दाखवणारा दिग्दर्शक प्रेक्षकाला प्रामाणिक वाटतो आणि पुढचे प्रश्न आपोआप टळतात. म्हणून त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर माहितीपटात शोधण्यात अर्थ नाही. ते माहितीपट संपल्यावर दिग्दर्शक काय करतो यात शोधावे लागते.

‘हमारा शहर’ला कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास, १९८६ साली, कफ परेडजवळची संजय गांधी नगर ही वस्ती पाडण्यात आली. तेथील रहिवाशांसह शबाना आझमी आणि पटवर्धन यांनी बेमुदत उपोषण केले, आणि पाच दिवसांनी रहिवाशांना पर्यायी जागा देण्याचे मान्य झाले. ती पुढे गोरेगावच्या दिंडोशी भागात मिळाली. म्हणजे दक्षिण मुंबईच्या टोकाला राहणारी आणि तेथेच धुणीभांडी, मजुरी करणारी माणसे उपनगराच्या दुसऱ्या टोकाला गेली. विजय होता, पण लोकलच्या पासाचा खर्च वाढवणारा. बाईच्या प्रश्नाला हे उत्तर पुरते का, हे त्या बाईनेच सांगायचे. चित्रीकरण आटोपल्यावर संबंधही आटोपत नाहीत, ही सवय मात्र तेव्हापासून लागलेली दिसते, आणि घोगरे यांच्या मृत्यूनंतर पटवर्धन यांनी जे केले ते या सवयीखेरीज समजत नाही.

टँकरचा प्रश्न

रमाबाई नगरच्या गोळीबाराचे समर्थन करताना पोलिसांनी असे सांगितले, की जमाव महामार्गावरील गॅसचे टँकर पेटवण्याच्या बेतात होता. टँकर पेटला असता तर अख्खी वस्ती उद्ध्वस्त झाली असती, म्हणून गोळी चालवावी लागली. हे कारण ऐकायला अत्यंत सबळ वाटते. त्याच्या पुष्टीसाठी चित्रफीतही दाखवली गेली. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगाने गोळीबार समर्थनीय नसल्याचा निष्कर्ष काढला.

माहितीपटात या भागाची मांडणी पाहण्यासारखी आहे. पटवर्धन येथे आवाज चढवत नाहीत. टँकर कोठे उभे होते, गोळ्या कोठे लागल्या, आणि या दोन जागांमध्ये किती अंतर होते, हे ते वस्तीतील लोकांच्या तोंडून आणि चित्रणाच्या आधाराने एकेक पाऊल पुढे जात तपासतात. आपापल्या गल्लीत, दारात उभे असलेले लोक गोळ्यांना बळी पडले, ही बाब नातेवाईकांच्या साक्षींतून पुढे येते. माहितीपटकाराचा कॅमेरा येथे जवळपास पंचनाम्याचे काम करतो. पंचनामा लिहिणारा जसा ‘पूर्वेस भिंत, पश्चिमेस नाला’ असे लिहितो, तशी ही भाषा आहे, आणि रागाने भरलेल्या विषयासाठी ती निवडणे हा या कामातील फार शहाणा निर्णय होता.

पण चौकशी आयोगाने निष्कर्ष काढला म्हणून प्रकरण मिटत नाही. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकावरील खटला वर्षानुवर्षे चालला. सरकारे बदलली. गोळीबार झाला तेव्हा राज्यात शिवसेना-भाजप युतीची सत्ता होती. १९९९नंतर काँग्रेस आणि राष्ट्रवादीची आली. खटल्याला मात्र घाई नव्हती. अखेर २००९मध्ये शिवडीच्या जलदगती न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. घटनेनंतर बारा वर्षांनी निकाल देणाऱ्या न्यायालयाच्या नावातील ‘जलदगती’ या शब्दावर वेगळी टिप्पणी नको. नंतर त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला.

चौदा वर्षांचे एक मोठे कारण येथे सापडते. घोगरे यांच्या मृत्यूची गोष्ट १९९८ साली सांगून संपवता आली असती. तासाभराचा, अस्वस्थ करणारा, चांगला माहितीपट झाला असता. तो संपला नाही, कारण ज्या घटनेने घोगरे यांना तोडले ती घटना न्यायालयात जिवंत होती. पटवर्धन रमाबाई नगरात परत परत जात राहिले. या परत जाण्याचा परिणाम पडद्यावर थेट दिसतो. पहिल्या भेटीत लहान असलेली मुले नंतर मोठी झालेली भेटतात, साक्ष देणाऱ्यांचे केस पांढरे होतात, नेत्यांचे पक्ष बदलतात, युत्या बदलतात. ज्यांच्या नावाने कालपर्यंत निषेधाच्या घोषणा होत होत्या, त्यांच्याच व्यासपीठावर आज कोण बसले आहे, हे दाखवायला निवेदनाची गरज उरत नाही. दोन दृश्ये शेजारी ठेवली की पुरते. काळ हाच संकलक झाला, असे म्हणता येईल. पण त्यासाठी काळभर कॅमेरा घेऊन हजर राहणारे कोणीतरी लागते.

गाणे हा पुरावा

या माहितीपटात गाणी फार आहेत, आणि मराठी प्रेक्षकाला त्यांची जागा चटकन कळते. सत्यशोधक जलशांपासून आंबेडकरी जलशांपर्यंत, आणि १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गव्हाणकर यांनी उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकापर्यंत, महाराष्ट्रात राजकीय विचार सामान्य माणसापर्यंत पोहोचला तो मोठ्या प्रमाणावर डफावर आणि ढोलकीवर. अण्णाभाऊ स्वतः दलित होते आणि कम्युनिस्टही होते. ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ हे दोन शब्द शेजारी ठेवण्यातील ओढाताण त्यामुळे घोगरे यांच्याही आधीची, निदान अर्धशतक जुनी आहे.

घोगरे ‘आव्हान नाट्य मंच’ या डाव्या कलापथकात होते आणि पुढे संघटनेने त्यांना दूर केले होते. माहितीपटातील सर्वांत अवघड भाग मला हा वाटतो. गोळीबाराबाबत दोषी कोण हे ठरवणे प्रेक्षकाला फारसे जड जात नाही. परंतु शोषितांच्या बाजूने उभ्या असलेल्या संघटनेनेच आपल्या सर्वांत गरीब, सर्वांत गुणी शाहिराला एकटे पाडले असेल, आणि जातीचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नात आपोआप सुटेल या समजुतीने त्याच्या वेदनेकडे पाहिलेच नसेल, तर त्याचा हिशेब कोणी द्यायचा? पटवर्धन स्वतः डाव्या विचारांच्या जवळचे. हा प्रश्न ते आपल्याच माणसांना विचारतात. उत्तरे चाचरत येतात. काही चेहऱ्यांवरचा संकोच बोलण्यापेक्षा अधिक सांगून जातो, आणि कॅमेरा तेथे जरा जास्त वेळ थांबतो.

गाण्यांमुळे आणखी एक गोष्ट साधली गेली. दलितांवरील अत्याचाराचे माहितीपट सहसा पीडितांच्या रडण्याने भरलेले असतात, आणि पाहणाऱ्याच्या मनात दयेखेरीज काही उरत नाही. येथे तसे होत नाही. वस्त्यांमधील बायका बाबासाहेबांची गाणी म्हणतात तेव्हा त्यांच्या आवाजात अभिमान असतो, विनोद असतो, क्वचित खोडकरपणाही असतो. खैरलांजीसारख्या २००६च्या भीषण हत्याकांडाचा भाग या साऱ्या गाण्यांमध्ये येतो, तेव्हा तो म्हणूनच अधिक जड होतो. कारण तोवर आपण या लोकांना केवळ बळी म्हणून ओळखत नसतो.

आणि मग पुण्याच्या कबीर कला मंचातील तरुण येतात. गुजरातमधील २००२च्या हिंसाचारानंतर उभे राहिलेले हे कलापथक. शीतल साठे गाऊ लागतात आणि घोगरे यांच्या मृत्यूने ज्या प्रश्नावर माहितीपट सुरू झाला, तो नव्या पिढीच्या तोंडून ऐकू येतो. लाल आणि निळा यांपैकी एकच का निवडायचा, असे जणू ही मुले विचारतात. घोगरे यांच्यापासून निघालेली गोष्ट या मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी आधी ती मुले मोठी व्हायला हवी होती, हेही चौदा वर्षांचे एक कारण, आणि हे कोणत्याही निर्मितीच्या आराखड्यात लिहिता येण्यासारखे नव्हते.

पैसा, रीळ आणि मधली कामे

चौदा वर्षे हा आकडा ऐकून एक माणूस एकाच विषयाला कवटाळून बसला होता असे चित्र उभे राहते, ते खरे नाही. मे १९९८मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि पटवर्धन ‘जंग और अमन’ या माहितीपटाच्या कामाला लागले, त्यासाठी पाकिस्तान, जपान, अमेरिका असा प्रवास झाला. तो २००२मध्ये पूर्ण झाला. सेन्सॉर मंडळाने त्यात एकवीस ठिकाणी कात्री सुचवली, आणि २००३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो एकही कात्री न लावता दाखवण्यास मोकळा केला. त्याच काळात ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ हा १९९५चा माहितीपट दूरदर्शनने दाखवावा यासाठीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ऑगस्ट २००६मध्ये निकाल दूरदर्शनच्या विरोधात लागला. दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला माहितीपट सरकारी वाहिनीवर येण्यासाठी अकरा वर्षे गेली. त्यांच्याच ‘राम के नाम’ या माहितीपटाच्या वेळीही दूरदर्शनवर येण्यासाठी न्यायालयाचेच दार ठोठवावे लागले होते. म्हणजे रमाबाई नगरचा खटला रेंगाळत होता तेव्हा दिग्दर्शकाचे स्वतःचे खटलेही चालू होते. वकिलाच्या कार्यालयात घालवलेले दिवस माहितीपटकाराच्या कामाच्या दिवसांत धरायचे की नाही, हा प्रश्न गमतीचा नाही; भारतात स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला ते धरावेच लागतात.

लांबलेल्या चित्रीकरणामागे एक तांत्रिक कारणही आहे, ज्याची चर्चा कमी होते. ‘हमारा शहर’ फिल्मवर झाला. १६ मि.मी.च्या चारशे फुटी रिळात साधारण अकरा मिनिटांचे चित्रण मावते. कच्ची फिल्म विकत घ्यायची, प्रयोगशाळेत धुऊन घ्यायची, प्रत काढायची, ध्वनी वेगळा जुळवायचा. कॅमेऱ्याचे बटण दाबताना प्रत्येक वेळी खिसा आठवावा असा तो प्रकार होता. व्हिडिओ आला आणि तासाभराची कॅसेट किरकोळ किमतीत मिळू लागली. सभेत पूर्ण भाषण टिपता येऊ लागले, गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेता येऊ लागले, काही घडेल की नाही हे ठाऊक नसतानाही कॅमेरा चालू ठेवता येऊ लागला. फिल्मच्या काळात ‘जय भीम कॉम्रेड’ अशा पद्धतीने होणे मला तरी अशक्य वाटते. याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते: चौदा वर्षांच्या कॅसेटींचा ढीग एका माणसाने बसून पाहायचा, निवडायचा, जुळवायचा. पटवर्धन आपले चित्रीकरण आणि संकलन बहुतांशी स्वतःच करतात. त्यामुळे खर्च वाचतो, आणि मोठ्या ताफ्यापुढे गप्प होणारा माणूस एकट्या कॅमेरावाल्यापुढे बोलतो. मात्र एकाच माणसाची नजर सर्वत्र असल्यामुळे दुसऱ्या कोणी ‘हा भाग काढ’ म्हणायला जवळ नसतो, हा तोटाही आहे. सव्वातीन तासांहून लांब असलेल्या या माहितीपटात राजकीय सभांचा मधला भाग पसरट झाला आहे. तेथे वीसेक मिनिटे कमी असती तर काही बिघडले नसते, असे मला प्रत्येक वेळी पाहताना वाटते.

पैशाचे गणित साधे आणि कठोर आहे. निर्माता नाही, प्रायोजक नाही. आधीच्या माहितीपटांच्या विक्रीतून, परदेशी वाहिन्या व विद्यापीठांकडून जे मिळेल त्यातून पुढचे काम करायचे, आणि प्रत्येक कामाचे हक्क स्वतःकडे ठेवायचे. फिल्म्स डिव्हिजनने १९४८पासून पोसलेल्या माहितीपटांना चित्रपटगृहांत सक्तीचा प्रेक्षक होता; मुख्य चित्रपटाआधीचा तो काळा-पांढरा वार्तापट आणि तेव्हा पॉपकॉर्न आणायला उठणारे लोक अनेकांना आठवत असतील. स्वतंत्र माहितीपटकाराला तो कंटाळलेला प्रेक्षकसुद्धा मिळत नाही. त्याला प्रेक्षक एकेक करून गोळा करावा लागतो.

आडनावाचा प्रश्न

दलितांच्या वेदनेवर आणि बंडावर पटवर्धन आडनावाच्या माणसाने सव्वातीन तासांचा माहितीपट करावा का, हा प्रश्न टाळून या प्रकरणाचा अभ्यास पूर्ण होत नाही. ज्यांच्याकडे कॅमेरा, इंग्रजी, परदेशी महोत्सवांतील ओळखी आणि न्यायालयात जाण्याची ऐपत आहे, त्यांनीच इतरांची गोष्ट सांगायची, ही विषमता खरी आहे आणि सद्भावनेने ती पुसली जात नाही. हेच प्रसंग एखाद्या आंबेडकरी दिग्दर्शकाने टिपले असते तर कॅमेरा कदाचित वेगळ्या दारात उभा राहिला असता. घोगरे यांच्या घरातील माणसांकडे अधिक वेळ आणि डाव्या नेत्यांच्या खुलाशांकडे कमी वेळ गेला असता. माहितीपट या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो एवढे करतो, की सवर्ण समाजालाही कॅमेऱ्यासमोर बसवतो. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर लोटणाऱ्या गर्दीविषयी, आरक्षणाविषयी सुशिक्षित मंडळी किती सहजपणे, हसत हसत काय बोलतात, हे तेथे ऐकू येते. ती माणसे इतकी मोकळेपणाने बोलतात याचे एक कारण समोरच्या माणसाचे आडनाव हेच असावे. म्हणजे जे आडनाव एका ठिकाणी अडचणीचे होते, ते दुसऱ्या ठिकाणी किल्लीसारखे चालले. या सोयीचा उपयोग दिग्दर्शकाने करून घेतला, आणि तो योग्य केला असे मला वाटते.

कोठे दाखवायचा

जानेवारी २०१२मध्ये हा माहितीपट मुंबईत लोकांसमोर आला तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, मोकळ्या जागेत पडदा लावून. १० जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरच्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव यांचा मृत्यू झाला होता. त्या स्मृतीच्या आगेमागेच हा खेळ झाला. पुढे रमाबाई नगरातही तो दाखवला गेला. सभागृहातील प्रेक्षक आणि वस्तीतील प्रेक्षक यांत फरक असतो. वस्तीत लोक पडद्यावर स्वतःला, शेजाऱ्याला, मेलेल्या भावाला ओळखतात. मधेच कोणी नाव घेऊन हाक मारते, गाणे सुरू झाले की टाळ्यांचा ठेका धरला जातो, लहान मुले पुढे बसून झोपी जातात. सव्वातीन तासांच्या लांबीची तक्रार माझ्यासारखे लोक करतात. जे रात्री कामावरून येऊन तेथे बसले होते त्यांच्यासाठी ती आपली गोष्ट होती. ज्यांचे चित्रण केले त्यांच्यापर्यंत चित्रण परत नेणे, हे ‘हमारा शहर’मधील त्या बाईला दिलेल्या उत्तराचा दुसरा हप्ता म्हणता येईल.

त्याच वर्षी ‘जय भीम कॉम्रेड’ला राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. त्या वेळी ज्यांच्या गाण्यावर माहितीपट संपतो ते कबीर कला मंचाचे कलाकार भूमिगत होते. २०११मध्ये दहशतवादविरोधी पथकाने नक्षलवादी असल्याच्या आरोपावरून मंचाशी संबंधित काहींना बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याखाली अटक केली होती, आणि शीतल साठे, सचिन माळी व इतर अज्ञातवासात गेले होते. माहितीपटाच्या शेवटी ही माहिती पडद्यावर येते. सामान्यतः दिग्दर्शकाचे काम अशा पाटीवर संपते. येथे बचाव समिती उभी राहिली आणि पटवर्धन तिच्यात होते. या कलाकारांनी गाणी म्हटली आहेत, बंदूक उचललेली नाही, हे सांगत ती समिती फिरत राहिली.

२ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधान भवनासमोर शीतल साठे आणि सचिन माळी समोर आले. शीतल तेव्हा गरोदर होत्या. आपण शरण आलेलो नाही, अभिव्यक्तीसाठी सत्याग्रह करत आहोत, अशी त्यांची भूमिका होती. प्रकाश आंबेडकर, कम्युनिस्ट नेते प्रकाश रेड्डी यांच्याबरोबर पटवर्धन तेथे उभे होते. पोलीस ताब्यात घेत असतानाही गाणे चालू होते. जूनमध्ये शीतल यांना उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयातून तो मिळायला जानेवारी २०१७ उजाडले. सप्टेंबर २०२०मध्ये एल्गार परिषद प्रकरणात गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली. माहितीपटाच्या प्रतीवर शेवटची पाटी अजून २०११चीच आहे.